मंचाखालची रांग

५ जानेवारी

पोचले एकदाची! दादा स्टँडवर तासभर आधीच येऊन उभा होता. मला बघताच त्यानं बॅग ओढून घेतली आणि म्हणाला, की इंजिनियर झालीस तरी सामान बांधायची अक्कल काही आली नाही. लगेच घरी आल्यासारखं वाटलं. वहिनीनं वरची खोली माझ्यासाठी आवरून ठेवली आहे. खिडकीखाली टेबल, आणि दारावर भाचीनं चिकटवलेला कागद: ‘आत्याची खोली, टकटक करणे.’

खिडकीतून सगळी वसाहत दिसते. उतारावर नवे प्लॉट, एकसारखी घरं, सगळीकडे ओल्या रंगाचा वास. पायथ्याशी नाट्यगृह. जुनं पाडून तिथेच नव्यानं बांधताहेत. छप्पर झालंय, प्रेक्षागृहात खुर्च्याही लागल्यात, फक्त रंगमंच राहिलाय. आधीचे इंजिनियर काम अर्धवट टाकून गेले म्हणे. दादा नाट्यगृह समितीचा चिटणीस, आणि उतारावरचे प्लॉटही त्यानंच विकलेले. साहेबांशी भांडून नोकरी सोडल्यापासून मी घरात माशा मारत बसले होते. त्यानं एका फोनवर बोलावून घेतलं. बाबा गेल्यावर यानंच स्वतःचं कॉलेज सोडून मला शिकवलं. त्याच्या शब्दाला मी नाही म्हणणार होते थोडीच.

११ जानेवारी

आमचे ठेकेदार कशालाही नाही म्हणत नाहीत. सळ्या जास्त लागतील? हो. कमी लागतील? हो. मी मनातल्या मनात त्यांचं नाव होयबा ठेवलंय. काम मात्र नीट करतात, त्यामुळे कुरकुर करायला जागा नाही.

संध्याकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरात ओट्यामागे भिंतीला तडा दिसला. केसाएवढा, पण तिरका. तिरका तडा म्हणजे खालची जमीन हलतेय. शेजारी विचारलं तर त्यांच्याकडेही, त्यांच्या शेजारीही. मी प्रत्येक तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भिंत सरकली की काच तडकते, इतकं साधं. घरोघरी चहा झाला, पोट डब्ब झालं. लोक इतके प्रेमळ, की विचारायची सोय नाही! एकच गंमत वाटली. स्वतःच्या भिंतीबद्दल कुणी काही विचारेना. सगळ्यांना एकच घाई, नाट्यगृह कधी सुरू होणार.

१९ जानेवारी

आज डोकं चक्रावलं. मंचाच्या पायासाठी पुरुषभर खोल खड्डा घेतला, तर तळाशी खुर्च्या लागल्या. जुन्या, लाल कापडाच्या, रांगेत, सरळ उभ्या. मधली माती दाबून भरल्यासारखी घट्ट. त्या रांगेत एकच खुर्ची वेगळी, पांढरी प्लास्टिकची. आमच्या साइट ऑफिसात आहेत तशी.

दादा म्हणाला होता, प्रेक्षक येईनात म्हणून जुनं नाट्यगृह बंद पडलं, पाडलं, आणि मोडतोड ट्रक भरून बाहेर नेली. आज विचारल्यावर म्हणाला, थोडी तिथेच टाकली असेल. मी म्हटलं, मोडतोड कधी रांगेत बसत नाही. त्यावर तो हसला आणि म्हणाला की लहानपणापासून तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची खोड. मला राग आला, मग रागाचीच लाज वाटली. खड्डा काँक्रीटनं भरायचा म्हटलं, तर समितीचा ठराव होईपर्यंत उघडा ठेवायचा असं ठरलं. वर मंचाचा सांगाडा आणि फळ्या घेतल्यात. खड्ड्याच्या वर त्या फळ्यांतच एक झाकण, आणि मंचाच्या पुढच्या बाजूला, प्रेक्षकांकडे, हवेसाठी जाळी. खड्ड्याच्या भिंतीला तळाशी मीच एक काचेची पट्टी लावून आले.

९ फेब्रुवारी

अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळी एक मजूर कचरा काढायला खड्ड्यात उतरला आणि खुर्च्यांच्या मधे मांडीपर्यंत रुतला. चिखल नव्हता. कोरडी माती, आणि ती त्याच्याभोवती मिटत होती. दोर टाकला, सगळ्यांनी ओढलं. तो ओरडत होता, की खाली कुणीतरी पाय मांडीवर घेऊन बसलंय. तेवढ्यात वहिनीचा फोन. आवाजात नुसता आनंद: तडा मिटला, भिंत अगदी नवी झाली!

माणूस कसाबसा वर काढला. त्याला दवाखान्यात धाडलं आणि मी घरी धावले. काचेची पट्टी तडकलेली नव्हती. तिचा चुरा झाला होता. दोन्ही बाजूंनी भिंत दाबून आली की होतो तसा. आणि तडा परत उघडला होता, पूर्वीपेक्षा रुंद. शेजारीही तेच. मजूर वर आला आणि तडे उघडले.

बाहेर रस्त्यावर सगळे उभे होते. त्या बिचाऱ्याचं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. तोंडं पडली होती. आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांचं काहीतरी हिसकावून घेतलं.

१० फेब्रुवारी

दादाला समोर बसवलं. आधी उडवाउडवी केली, मग ढसाढसा रडला.

जुनं नाट्यगृह पाडलेलंच नव्हतं. भर प्रयोगात, माणसांनी भरलेलं असताना जमिनीत गेलं. त्यानंतर सरकणारा हा सगळा उतार दगडासारखा स्थिर झाला, म्हणून तर प्लॉट पडले. आता परत सरकायला लागलाय. आधीचे इंजिनियर गेले तेव्हा थोडे दिवस सरकायचा थांबला होता, म्हणाला. मी विचारलं, गेले म्हणजे कुठे? त्यानं खिडकीतून नाट्यगृहाकडे बघितलं. ती पांढरी खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली.

म्हणजे लोकांना सगळं ठाऊक आहे. वहिनीला. होयबाला. मी ज्यांच्या घरी चहा प्यायले त्या प्रत्येकाला.

मी म्हटलं, वसाहत रिकामी करायची, वरच्या ऑफिसात रिपोर्ट द्यायचा. तो हो म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. म्हणाला, माझी चूक झाली, तू आहेस म्हणून निस्तरता येईल.

शेवटी माझाच भाऊ आहे. रात्री झोप लागली.

१३ फेब्रुवारी

रिपोर्ट तयार. उद्या जाणार. वहिनी माझ्याकडे बघत नाही. भाचीला माझ्या खोलीत येऊ देत नाही.

दादा आत्ताच सांगून गेला, की खड्ड्यातली पट्टी फुटल्यासारखी दिसते; तेवढं माप रिपोर्टात असलं तर कुणी शंका घेणार नाही. सकाळी होयबाला उतरवतो म्हणाला. त्यांना काय, दहा म्हटलं तरी हो, बारा म्हटलं तरी हो. दुसऱ्यानं घेतलेलं माप मी आजवर कधी कागदावर चढवलेलं नाही. मी त्याला सांगितलं, मीच उतरेन, खुर्च्यांपासून लांब, कडेनं; शिडी तू धर.

तो बराच वेळ दारात उभा होता.

१४ फेब्रुवारी

खड्ड्यातून लिहितेय, मापासाठी आणलेल्या याच वहीत. जाळीतून उजेड येतोय.

पट्टी फुटलेली नाही. तसं वर ओरडून सांगितलं, आणि दादानं शिडी ओढून घेतली. मला वाटलं चुकून. खरंच वाटलं चुकून!

मग झाकण पडलं.

केसानं गळा कापलास, दादा. मी दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवत नाही हे तुला माहीत होतं. तुझ्यावर ठेवते, हेही.

माणसं येताहेत. चांगले कपडे घालून, खुर्च्यांवर बसताहेत. सगळी वसाहत. मी एकेकाला हाका मारतेय. कुणी चष्मा पुसतं, कुणी चपलांकडे बघतं. होयबांना विचारलं, मी इथे आहे हे दिसतंय ना. त्यांनी मान हलवली. हो.

भाचीनं विचारलं, आत्या कुठेय. वहिनीनं तिला मांडीवर घेतलं. तिचे कान झाकले.

माती घोट्यापर्यंत. ऊबदार आहे. पायाला काहीतरी—

पांढऱ्या खुर्चीवर चढले. झाकण ढकललं. हललं! कडी नुसती अडकवलीय, एका बाजूनं उचलतंय. अजून दोन-तीन वेळा जोर—

पुढच्या रांगेत एकाला फोन, तडा बघायला मागे ठेवलेल्या कुणाचा. घरून. तो शेजाऱ्याच्या कानात काही सांगतोय, हसताहेत. तडे मिटत असणार—

खुर्ची धसतेय. पण झाकण—

दादा उठला.

उठला! वहिनी त्याचा हात धरतेय, त्यानं सोडवून घेतला. येतोय. मला ठाऊक होतं, त्याला हे बघवणार नाही. मंचावर आला. डोक्यावर त्याचे पाय. दादा, कडी काढ, मी ढकलते, तू नुसती कडी—

बसला.

झाकणावर बसला. सगळं वजन टाकून. मला ढकलवत ना—

रडतोय. स्वच्छ ऐकू येतंय. लहानपणी मारायचा तशी हाक मारतोय मला, परत परत, आणि उठत ना—