चौथ्या बाटलीचा तातडीने शोध घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक महोदय,
सातपुडा खनिज संशोधन केंद्र,
नागपूर (महाराष्ट्र)

विषय : आपल्या बालाघाट येथील बंद प्रयोगशाळेतून गहाळ झालेल्या आयनिक द्रवाच्या बाटलीचा, चोरीचा माल म्हणून नव्हे तर जिवाला धोका असलेला पदार्थ म्हणून शोध घेण्याबाबत.

संदर्भ : आपले भांडारपाल श्री. भोजराज टेंभरे यांनी माझ्या मुलीविरुद्ध पोलिसांत दिलेली तक्रार.

महोदय,

मी, चैतराम नगरारे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला कारकून, बालाघाट येथे पत्नी रुख्माबाई हिच्यासह राहतो. माझ्या घराची पुढची खोली आपल्या केंद्राने प्रयोगशाळेसाठी घेतली होती. जवळच्या उकवा खाणीतल्या हलक्या प्रतीच्या खनिजातून मँगनीज वेगळे काढण्याचे प्रयोग तिथे चालत. माझी मुलगी दीप्ती, एम.एस्सी., त्या कामावर सहायक होती. गेल्या वर्षी प्रयोग बंद झाले आणि दीप्ती गोंदियाला एका कॉलेजात शिकवायला लागली. खोलीला आपले कुलूप लागले, किल्ली नागपूरला गेली आणि वापरलेला आयनिक द्रव काचेच्या बाटल्यांत आतच राहिला.

१) हा द्रव म्हणजे एक प्रकारचे मीठ आहे, पण ते साध्या हवेतही पातळ राहते, असे मला दीप्तीने समजावले होते. दिसायला ते घट्ट तेलासारखे. खोली बंद करताना तिने श्री. टेंभरे यांना सांगितले की हे काचेत ठेवू नका, प्लास्टिकचे कॅन पाठवा आणि लवकर घेऊन जा. त्यांनी हसून उत्तर दिले, "याले वास नाही, भपका नाही, काडी लावली तं पेटत नाही. तुमच्याच कागदात ग्रीन लिहून आहे. मग घाबरता काहून?"

श्री. टेंभरे खोटे बोलले नाहीत, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. दीप्तीचेही म्हणणे हेच, की द्रव ताजा आणि कोरडा असेपर्यंत ते सगळे खरे आहे. परंतु वापरलेल्या द्रवात खनिज विरघळवण्याचे आम्ल उतरलेले असते. त्याला पाणी आणि उष्णता मिळाली की तो आतल्या आत फुटू लागतो आणि त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. ते आम्ल काच खाते. आमच्या त्या खोलीवर टिनाचे छप्पर आहे, आणि इथला मे महिना कसा असतो ते नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

२) उन्हाळ्यात श्री. टेंभरे पिकअप गाडी आणि दोन हमाल घेऊन आले. वजनकाटा, पंखा, टेबल असे कामाचे सामान नेले. बाटल्यांबद्दल मी विचारले तेव्हा त्यांची मंजुरी अजून आलेली नाही, असे सांगून त्यांनी पुन्हा कुलूप लावले. खोलीत पाऊल टाकायची मला परवानगी नव्हती.

पुढे दीप्ती सुट्टीत घरी आली आणि तिने खिडकीच्या फटीतून आत पाहिले. बराच वेळ ती तिथून हललीच नाही. कपाटातल्या बाटल्या पांढुरक्या पडल्या होत्या, थंडीत काचेवर तोंडाची वाफ सोडल्यावर दिसते तशा. तिने आईला त्या खोलीपुढच्या ओसरीवर पापड वाळवायला मनाई केली आणि मला म्हणाली, "बाबा, काच पातळ होऊन राहिली." त्याच दिवशी आम्ही आपल्या कार्यालयास अर्ज केला. भांडाराच्या वार्षिक तपासणीच्या वेळी विचार करण्यात येईल, असे उत्तर आले.

३) भाद्रपदात पावसाची झड लागली. छप्पर गळू लागले आणि त्या खोलीच्या दाराखालून ओसरीवर पाणी आले. गळके पाणी समजून माझ्या पत्नीने ते फडक्याने टिपले आणि फडके हाताने पिळले. मी घरात वर्तमानपत्र वाचत होतो. तिला ना चटका बसला ना हाताला काही लागले. तिने हात धुऊन स्वयंपाक केला, आम्ही जेवलो.

संध्याकाळी ती उजवा हात छातीशी धरून बसली. कातडीवर थोडी लाली होती, बाकी काही नाही. मी हळद लावतो म्हणालो तर तिने हात लावू दिला नाही. "वरून नाही जी," ती म्हणाली, "हाडात आग लागली माह्या." दोन बाळंतपणे आणि एक ऑपरेशन मी त्या बाईचे पाहिले आहे, महोदय. तिला कण्हताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

४) दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ आहेत. जखम दिसत नाही आणि वेदना मात्र अशी, तेव्हा कोणता पदार्थ होता हे कळल्याशिवाय मी काय करू, असे ते म्हणाले. दीप्तीचा फोन लागेना. म्हणून त्यांनी स्वतः श्री. टेंभरे यांना फोन लावला आणि बाटलीत काय आहे एवढेच विचारले. त्यांना सांगण्यात आले की केंद्राच्या साठ्याची माहिती फोनवर देता येत नाही, लेखी विचारणा करावी. डॉक्टरांनी फोन ठेवला.

अखेर दीप्तीशी बोलणे झाले. तिने आधी डॉक्टरांना सगळे सांगितले. मग गोंदियात कॅल्शियमचे मलम शोधले, कुठेच मिळाले नाही. तेव्हा कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शने घेऊन ती बसने निघाली. वाटेत राजेगावला नदीच्या पुलाशी पावसामुळे गाड्या अडल्या होत्या, म्हणून पलीकडे पायी येऊन तिने दुसरी गाडी धरली. दवाखान्यातल्या जेलीत ते औषध कालवून ती आईच्या हाताला चोळत बसली, आणि डॉक्टरांनी बोटांत सुया दिल्या. त्याने हात वाचला. दोन बोटांची टोके मात्र काळी पडली होती, ती नंतर नागपूरला काढावी लागली. हे आम्ल कातडीवर थांबत नाही, आत शिरून हाडातला चुना धरते, असे तिथल्या डॉक्टरांनी आम्हास सांगितले.

५) त्यानंतर आम्ही घर सोडून मेहुण्याकडे राहायला गेलो. श्री. टेंभरे एकदा पाहणीस आले होते. ते खिडकीपर्यंत गेले, नाकाला रुमाल लावला आणि आत न जाता परत फिरले. किल्ली त्यांच्या खिशात होती. वरिष्ठांच्या आदेशाशिवाय खोली उघडू नये, असे ते मला लिहून देऊन गेले.

आमच्या ओसरीवरून शेजारची पोरे शाळेत जातात. आदेशाची वाट पाहणे आता पाप आहे असे दीप्तीने ठरवले. तिने कॉलेजातून जाड रबरी हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी आणली, चुन्याची पोती मागवली. मी तिला खूप विनवले. ती एवढेच म्हणाली, "आत काय आहे ते मले माहीत आहे, दुसऱ्या कोणाले नाही. मग कोण जाईल?" भरदिवसा, शेजाऱ्यांना लांब उभे करून, तिने आपले कुलूप तोडले. मी दाराशी पाण्याच्या बादल्या आणि ते औषध घेऊन उभा होतो. आतून बराच वेळ फक्त फावड्याचा आवाज येत होता. एक बाटली बुडाशी फुटून रिकामी झाली होती. दोन तिने जपून प्लास्टिकच्या कॅनमध्ये रिकाम्या केल्या. सगळ्या फरशीवर चुना पसरला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाला कुठे काही लागलेले नव्हते. ते कॅन, झाकण लावून आणि वर नाव लिहून, आजही त्याच खोलीत आहेत. आपण ते न्यावेत.

६) आता तक्रारीबद्दल. कुलूप तोडले हे खरे आहे, आणि त्याची जी शिक्षा असेल ती आम्हास मान्य आहे. परंतु आम्हीच कळवलेल्या हिशेबावरून तक्रारीत पुढे असे लिहिले आहे की साठ्यात चार बाटल्या होत्या, तीनच मिळतात, सबब चौथी दीप्तीने चोरली.

महोदय, हे वाचून मला राग यायला हवा होता. पण दीप्तीचा चेहरा एकदम उतरला आणि ती म्हणाली, "बाबा, चारच होत्या. मीच ठेवल्या होत्या." खोली साफ करताना, चौथीही फुटून तिच्या काचा चिखलात गेल्या असतील असे तिला वाटले होते. तिने पुन्हा जाऊन सगळा चुना चाळला. काचा एकाच बाटलीच्या निघाल्या.

म्हणजे चौथी बाटली उन्हाळ्यात, सामान काढताना, बाहेर गेली. कोणी नेली ते मी जाणत नाही आणि कोणावर आळही घेत नाही. नेणाऱ्याला ते तेल वाटले असेल. पंपाला किंवा सायकलच्या साखळीला घालायला, भांडी घासायला, कशालाही त्याने ती ठेवली असेल. वास नाही, भपका नाही, म्हणून ती कोणाच्या तरी घरात चुलीजवळ किंवा मोरीत उभी असेल. तिची काच आता किती उरली असेल, हे दीप्तीलाही सांगता येत नाही.

सबब माझी विनंती एवढीच आहे. आपण ती बाटली चोरीची म्हणून शोधत राहिलात तर ज्याच्याकडे ती आहे तो भिऊन लपवील, किंवा नाल्यात ओतील. कृपया बालाघाट, उकवा आणि वाटेवरच्या गावांत दवंडी द्यावी, आणि त्या गाडीवाल्याला व दोन्ही हमालांना घरी जाऊन सांगावे, की बाटलीचा पत्ता देणाऱ्यास कोणी काही विचारणार नाही. तिला हात लावू नये, फक्त जागा दाखवावी. काढायला दीप्ती येईल. चोरीचा गुन्हा कागदोपत्री कोणाच्या तरी नावावर ठेवणे आवश्यकच असेल, तर तो माझ्या नावावर ठेवावा. मी तशी सही करून देण्यास तयार आहे.

आपल्या उत्तराची नव्हे, आपल्या माणसाची वाट पाहणारा,

चैतराम नगरारे
बालाघाट (म. प्र.)
दिनांक : १९ ऑक्टोबर २००७

सोबत : १) पत्नीच्या हाताचे छायाचित्र. २) दीप्तीने लिहिलेले प्रथमोपचार, हिंदी व मराठीत. त्याच्या प्रती काढून वाटाव्यात.