लाल रंगाचा आकडा

१९ एप्रिल २००८
आज परत तेच. चॅनेलवर साडेपाचच्या हवामानाच्या बातम्यांत कळंब्यावर लालभडक ढग. मी बोट ठेवून सांगितलं, कळंबा, उचगाव, तासाभरात वादळी पाऊस. पडली फक्त धूळ. आठवड्यात तिसऱ्यांदा. घरी येताना पेठेत भाजीवाली म्हणाली, "ताई, तुमचं लाल कुठं सांडलं म्हणायचं?" हसले. हसायला नको होतं.

२१ एप्रिल
लवकर गेले. हवामानाचं चित्र बनवणारं सॉफ्टवेअर उघडून एकेक खिडकी बघितली. किनाऱ्यावरच्या रडारचं चित्र नेटवरून येतं, हे त्यावर आपला जिल्हा बसवून ढगाच्या जोराप्रमाणं रंग भरतं. लाल कितीपासून धरायचं त्याचा एक आकडा आहे. सोबतच्या पुस्तकात ४५. आमच्याकडं ३०. म्हणजे साधा हिरवा ढगसुद्धा लाल.
४५ करून ठेवला. कुणाला बोलले नाही.
पासवर्ड तिघांकडं. मी, बसवराज, आणि चॅनेलचे मालक आबा. आबांना साधी मेल उघडता येत नाही, दुसऱ्याकडून वाचून घेतात. म्हणजे राहिला…

२३ एप्रिल
परत ३०.
चित्र रोज बसवराज तयार करतो, मी फक्त वाचते. निपाणीकडचा, मऊ बोलणारा, मला अक्का म्हणतो. दोन वर्षं शेजारी बसतोय. आज त्याच्या मागून चहा घेऊन गेले तर खिडकी पटकन लहान केली. की मला तसं वाटलं?
हवामानाखाली ताडपत्रीच्या दुकानाच्या जाहिरातीची पट्टी फिरते. ते दुकान बसवराजच्या मेव्हण्याचं. हे आजच कळलं, तेही जाहिरातवाल्याकडून. बसवराज कधी बोलला नाही.

२६ एप्रिल
उचगावचे एक वीटभट्टीवाले ऑफिसात आले. शंकरराव. चप्पल बाहेर काढली, पण आवाज रस्त्यापर्यंत.
"बाई, तुमी सांगितलं म्हून चार दिवस कच्च्या विटा झाकून ठेवल्या. झाकलेल्या विटा वाळत्यात व्हय? पाऊस हाय का न्हाय ते एकदा नीट सांगा. न्हायतर तुमचं बघायचंच बंद करतो."
मी म्हटलं, मशीनमधी गडबड आहे, बघतोय. बसवराज मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होता. एकदाही वर बघितलं नाही.

२८ एप्रिल
सरळ विचारलं. "बसवराज, लालचा आकडा तू बदलतोस?"
त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "तुमाला काय वाटतं अक्का?"
"मी विचारतेय तुला."
"मग ऱ्हाऊ दे की."
नाही म्हणाला नाही. ज्यानं केलं नाही तो नाही म्हणतो.
दुपारी आबांना सांगितलं. मेव्हण्याचंही. आबांनी चष्मा पुसला. "बघतो मी. तू कुठं बोलू नको."

२ मे
बसवराजची गडहिंग्लजच्या ऑफिसात बदली. आज जाताना म्हणाला, "येतो अक्का." मी संगणकावरून नजर काढली नाही. चित्र आता मीच करते, आकडा परत ४५ केला. आता तो तिथंच राहील.

६ मे
चित्रात उचगाववर पिवळं. मी म्हटलं, हलक्या सरी. सव्वासहाला गारा. शंकररावांचा फोन. आज आवाज चढलेला नव्हता. "गेल्या बाई. सगळ्या कच्च्या हुत्या. चिखल झाला." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ मे
आकडा ३०.
बसवराज गडहिंग्लजला आहे. तिकडं हे सॉफ्टवेअरच नाही. तीनदा बघितलं. ३०.

१० मे
त्याच्या खणात ती वही सापडली. प्रत्येक ढगाची तारीख, आकडा, पुढं गावोगावच्या ओळखीच्या लोकांना फोन करून लिहिलेलं: पडला, नाही पडला. घाटाच्या अलीकडं रडारला ढगाचा वरचा भागच दिसतो, म्हणून आपल्याकडं आकडा कमी येतो, असंही. ४५ इथं जास्त, ३० फार कमी, साधारण ३८ बरोबर. हे मी कधी विचारलंच नाही.
मेव्हण्याबद्दलही एक ओळ आहे: 'भाऊजींची पट्टी बंद करा असं आबांना सांगितलं. आबा नको म्हणाले.'
आणि २३ एप्रिलच्या खाली: 'परत ३०. अक्का करत असाव्यात. आबांच्या दबावानं का? विचारायचं कसं. बोललो तर त्यांची नोकरी जाईल.'
तो माझ्यासाठी गप्प बसला होता.


१२ मे
मशीन आपोआप बदलत असेल म्हणून चारदा वायर काढून परत चालू केलं. आकडा जिथल्या तिथं. म्हणजे माणूसच.
३८ केला. पासवर्ड बदलला. कुणाला दिला नाही.

१३ मे
बसवराजला फोन. त्याची बायको म्हणाली, "आंघोळीला गेल्यात." थोड्या वेळानं परत केला तर स्वतः उचलला. सगळं सांगितलं, वही वाचली ते, आबांवर संशय येतोय तेही.  
"आबांचं नाव घेताय व्हय अक्का? त्यांना माऊस धरायला मीच शिकवलं. तीन दिवस लागले."
"मग त्यांना आकडा कुठं असतो ते कुणी दाखवलं?"
"मी न्हाय."
"मीही नाही."
विश्वास ठेवला का त्यानं? माहीत नाही. मी त्याच्यावर ठेवला का? ठेवायचा आहे. परत ये म्हटलं. म्हणाला, "बघू की."

१५ मे
तीनपासून कागलच्या बाजूला ढग. आकडा ३८, अजून तसाच. साडेपाचला चित्र: उचगावच्या कडेला लाल. कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं, मागची काही चित्रं चुकली होती, चूक आमची. आज मला पाऊस वाटतोय, विटा झाका. शंकररावांनी बघितलं असेल की नाही.
बाहेर आले तर शिपाई दारात. आबांनी पासवर्ड मागितलाय, चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितलंय. आजच का? आणि बदलला हे त्यांना कसं कळलं? सॉफ्टवेअर उघडायला गेल्याशिवाय ते कळत नाही.
"काय सांगू ताई?"
"थांबा म्हणावं."
वारा सुटलाय. चिठ्ठी समोर आहे, कोरी. शिपाई अजून दारातच उभा.