शिकंजा, सुया आणि वरच्या दोन खोल्या

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा बुकबाइंडिंग, धर्म ख्रिस्ती, उजवा हात अर्धा कामातून गेलेला, डोके मात्र शाबूत, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो पाहून माझी मुलगी हसेल, तर हसू दे. मी सांगतो आहे आणि वकीलबाई लिहीत आहेत. "काका, हे मृत्युपत्रात लागत नाही," असे त्यांनी मला दोनदा टोकले. मला लागते, असे सांगितल्यावर त्या निमूटपणे लिहू लागल्या.

कलम १. माझा विश्वास प्रभू येशूवर आहे आणि मरतानाही तोच राहील. हे मुद्दाम पहिल्या कलमात लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी म्हणायला नको की म्हातारा शेवटी वाहवत गेला. सगळे धर्म सारखेच, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. तसे म्हणणाऱ्याने बहुधा एकही धर्म मनापासून पाळलेला नसतो. मला माझ्या बायकोच्या शेजारी पुरावे. पेटी साधी असावी. गाण्यांचे शब्द आमच्या चर्चच्या मंडळीत हल्ली भिंतीवरच्या पडद्यावर दाखवतात, तसे त्या दिवशीही दाखवावेत. हा पडदा येऊ नये म्हणून मी पाळकसाहेबांशी दोन वर्षे भांडलो. दोनशे गीतपुस्तके मी हाताने शिवली होती, ती एका रविवारी कपाटात गेली, आणि मी तीन रविवार घरी बसलो. चौथ्या रविवारी गेलो तेव्हा मागच्या बाकावरच्या आजीबाई पडद्याकडे बघून मोठ्याने गात होत्या. पुस्तकातली बारीक अक्षरे त्यांना कित्येक वर्षे दिसत नव्हती, आणि आम्हाला कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. माझी तक्रार तिथेच संपली. पाळकसाहेबांना हे मी तोंडावर सांगितलेले नाही, ते त्यांनी इथे वाचावे.

कलम २. दुकानातला पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, मोठी कातर, दाभण, सुया आणि खळीचे पातेले घडीताईला द्यावे. गेली एकवीस वर्षे ती माझ्याकडे छापील कागदांच्या घड्या घालते, आणि माझ्यापेक्षा सरळ घालते. शिकंज्याचे डावे मळसूत्र अडते. त्याला तेल नको, मेण लावावे. हे तिला ठाऊक आहे, तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कलम ३. खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या मंडळीला द्याव्यात.

याचे कारण असे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या एकुलत्या मुलीने दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी नोंदणी करून लग्न केले. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. आदल्या दिवशी ती दुकानात येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते येऊन बसा. काही बोलू नका, पण या." मी गेलो नाही. पुढच्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभा राहिलो आणि देवाचे नाव घेऊन म्हणालो, माझे घर त्या घरात जाणार नाही, ते मंडळीला देईन. सेक्रेटरींनी ते वहीत लिहून घेतले, मी खाली सही केली. त्या सहीला कायद्यात काडीची किंमत नाही, असे वकीलबाई म्हणतात. माझ्या शब्दाला आहे.

पाळकसाहेबांना मी हे गेल्या महिन्यात सांगितले तेव्हा ते म्हणाले, "काका, मंडळीला घर आहे. तुम्हाला मुलगी आहे." कालचे पोर मला शहाणपण शिकवते, म्हणून मी त्यांना चहाही न विचारता वाटेला लावले.

कलम ४. गीतपुस्तकांपैकी मी घरी आणून ठेवलेली बारा पुस्तके मुलीला द्यावीत. तिच्या लग्नाच्या दिवशी मी दुकान आतून लावून काम करत बसलो होतो. संध्याकाळी पाहतो तर बाराच्या बारा पुस्तकांचे पुठ्ठे उलटे चढले होते. नाव वाचावे तर आतली गाणी डोक्यावर उभी. साठ वर्षांच्या धंद्यात अशी चूक मी एकदाही केली नव्हती. मंडळीत कोणाच्या हाती त्यातले एखादे आले की तो ते मुकाट्याने फिरवून घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. ही बारा पुस्तके तिला पूर्वीच दाखवायला हवी होती.

कलम ५. सेक्रेटरींना त्यांची छत्री परत करावी. सभासदांच्या यादीतून मुलीचे नाव काढावे, हा ठराव त्यांनी आणला. त्याला हात मीच सर्वांत आधी वर केला, तेव्हा एकट्या त्यांच्यावर खापर फोडणे बरे नव्हे. त्यांना मी क्षमा केली आहे. छत्री मात्र मी सहा वर्षे मुद्दाम दिली नाही.

कलम ६. आता जावयाविषयी. आजवर मी त्याला 'तो लिफ्टवाला' असेच म्हणत आलो.

मागच्या वर्षी दुकानातच माझी उजवी बाजू गेली आणि मी हॉस्पिटलात पडलो. मंडळीतले लोक येत, प्रार्थना करत, फळे ठेवून जात. त्यांची प्रार्थना खरी होती आणि मला ती पोचली. पण सकाळी सहा वाजता भांडे देणारा, पाठ पुसणारा आणि कूस बदलून देणारा हा होता. मुलीची नोकरी सकाळची, म्हणून कामावर जाण्याआधी हा यायचा. आधी बाहेर व्हरांड्यात उभा राहून त्याच्या देवाचे करायचा. माझ्या उशाशी त्याने ते कधी केले नाही. मला चालणार नाही, हे त्याने न विचारता ओळखले होते. मग आत येऊन मोबाइलवर आमचे शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचा आणि मला एक स्तोत्र वाचून दाखवायचा, कारण मला पुस्तक हातात धरता येत नव्हते. पडद्यावरच्या शब्दांना नावे ठेवणारा मी, मोबाइलच्या पडद्यावरचेच शब्द परधर्मी माणसाच्या तोंडून ऐकत पडलो होतो. आठ वर्षांत मी जावयाशी बोललेले पहिले वाक्य होते, "उच्चार चुकला."

एकदा मी विचारले, "तुझा यावर विश्वास नाही, मग वाचतोस कशाला?"

तो म्हणाला, "तुमचा आहे ना. मला वाचता येतं, तुम्हाला धरता येत नाही. बास."

रस्त्यात घायाळ पडलेल्या माणसाला परक्या लोकांतल्या एकाने उचलले, हा धडा मी रविवारच्या शाळेत चाळीस वर्षे शिकवला. दर वेळी मी स्वतःला उचलणाऱ्याच्या जागी धरले. रस्त्यात पडलेला मी असेन, असे एकदाही मनात आले नाही. दुसऱ्याकडून स्वतःला उचलून घेणे फार अवघड असते. मला तेव्हा लाज वाटली, आणि बरेही वाटले. आज सांगतो, मला त्याची माया लागली आहे.

एवढे होऊनही मी त्याला काय द्यायचे ठरवले, तर या मृत्युपत्राच्या साक्षीदाराचा मान. शब्दही मोडायला नको आणि जावयालाही मान दिल्यासारखे होईल, असा माझा हिशेबी शहाणपणा. त्याप्रमाणे तो आत्ता कामावरून थेट आला आहे. नखांत ग्रीस आहे म्हणून कागदाला हात लावण्याआधी दोनदा साबणाने धुऊन आला. वकीलबाईंनी त्याचे नाव लिहिले आणि मगच नियम सांगितला, की साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही.

"म्हणजे यांनी सही केली, तर तुमच्या मुलीला ती बारा पुस्तकंही मिळणार नाहीत," त्या म्हणाल्या.

मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "पुस्तकं तिला आवडली असती. पण तुम्हाला साक्षीदार हवाय ना, बाबा? करतो मी सही. तिला सांगेन समजावून."

"घर मंडळीला जातंय, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. तुमचा शब्द आहे तो."

आणि त्याने पेनाचे टोपण काढले. बाबा हा शब्द त्याने माझ्यासाठी आजच प्रथम उच्चारला. मी डाव्या हाताने त्याच्याकडून पेन काढून घेतले.

कलम ७. कलम ३ रद्द. दुकान आणि वरच्या दोन्ही खोल्या मुलगी आणि जावई यांना निम्म्या-निम्म्या द्याव्यात. मंडळीसमोरचा शब्द मी रागाने दिला होता, आणि त्यासाठी देवाचे नाव वापरले, हे त्याहून वाईट. त्याचा जाब माझा मी वर देईन. येत्या रविवारी मंडळीसमोर उभा राहून हे सांगणारही आहे. पाळकसाहेबांनी त्याआधी चहाला यावे.

जावयाने माझ्या प्रभूला ओळखावे, अशी माझी रोजची प्रार्थना आहे. जीव असेपर्यंत ती करीन आणि त्याच्यापासून लपवणार नाही. पण घराला ती अट नाही. अट घातली की प्रार्थनेचा सौदा होतो. वरच्या मागच्या खोलीत त्याने त्याच्या देवासाठी जागा करावी. हे सांगताना मला जड जात आहे. तरीही लिहा, असे मी वकीलबाईंना सांगितले आहे. यापुढे त्याने व्हरांड्यात उभे राहू नये.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, म्हणून दुकानातल्या मधल्या टेबलावर, गुरुवारी, दुसऱ्या महिन्याच्या अकरा तारखेला, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही : (डाव्या हाताची, वाकडी, पण माझीच)

साक्षीदार १ : कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर

साक्षीदार २ : शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू, हातातले काम टाकून आल्या

खाडाखोडीचा खुलासा : साक्षीदार क्रमांक दोनच्या जागी आधी लिहिलेले नाव मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. या इसमाला साक्षीदार होता येत नाही. तो घरचा आहे.