आक्काच्या परसातलं विरजण

मुक्काम कोल्हार,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, सन १९७३

जावईबापू गोरक्षनाथ यांना सूर्यभानचा पोटभर रामराम.

आधी घरातल्या सगळ्यांची हजेरी घेतो, मग पुढचं. आमच्या मुक्ताचा खोकला गेला का? (आडुळशाचा काढा ती माझ्यादेखत पिते आणि मी वळलो की मोरीत ओतते, लक्ष ठेवा.) विहीणबाईंचे गुडघे थंडीत कुरकुरू लागले असतील, निर्गुडीचा पाला वाफवून बांधायला सांगा. व्याह्यांची तंबाखू सुटली का, की फक्त घरात सुटली? नातीला दाढा आल्या असतील, तर तुमचं बोट सांभाळा. आणि तुमच्या प्रयोगशाळेतली ती पितळी नळी कशी आहे? तिला सूक्ष्मदर्शक म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण एवढं लांब नाव घेऊन माया करता येत नाही. तिची काच माझ्यातर्फे एकदा मऊ फडक्यानं पुसा. इकडे तुमच्या सासूबाई ठणठणीत, गाय गाभण, आणि माझी कंबर जिथे दुखायची तिथेच इमानानं दुखते आहे.

तुम्ही कार्डावर विचारलं होतंत, वांग्याचा प्रयोग कसा झाला ते एका ओळीत कळवा. एका ओळीत कळवायला मी काय तारमास्तर आहे? पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला यातलं निम्मं ठाऊक आहे, पण हे पत्र व्याहीही वाचणार, त्यांना अर्ध्यातून कसं उठवायचं?

तर व्याही, चातुर्मासात आम्ही वांगं सोडतो आणि चंपाषष्ठीला खंडोबापुढं भरीत ठेवून मगच तोंडात घालतो. त्या भरताच्या वांग्यांची पाटी माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या मळ्यातून जाते. गेल्या साली दुष्काळानं गेली नाही. त्याच्या आदल्या साली पाणी होतं, पण वांगी सुपारीएवढी. झाड उपटलं तर मुळांना गाठीच गाठी, जणू कुणी शेंगदाणे ओवून ठेवलेत. त्या गाठींत डोळ्याला न दिसणारे सुतासारखे किडे राहतात म्हणे. यंदाही पाटी गेली नाही, तर मान शेजारच्या छगनकडे जाणार हे ठरलेलं. छगन मनानं वाईट नाही, पण श्रावणापासूनच तो मला भेटेल तिथं विचारायचा, "मामा, पाटी घासून ठिऊ का?"

आता गंमत अशी, की बांधापलीकडं गावातच दिलेल्या माझ्या चुलतबहिणीच्या, रंगुआक्काच्या परसात वांगी कशी, तर रेड्याच्या कानाएवढ्या पानांची! दुष्काळातही मोरीच्या सांडपाण्यावर तगलेली. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच जागी वांगी लावते. मी जन्मभर तिला शिकवत आलो, आक्का, जमिनीला पालट दे, कांदा लाव, मेथी लाव. (हे मी एका जुन्या शेतकी पंचांगात वाचलेलं, त्यामुळे आवाज चढवून सांगायचो.) तिचं उत्तर ठरलेलं, "मी एका घरात जलम काढला, वांग्याला काय धाड भरली?"

अक्षय्यतृतीयेला तुम्ही आलात, दोन्हीकडची माती बाटल्यांतून नेलीत आणि मग ते पत्र पाठवलंत, जे मी अजून टोपीत ठेवतो. किडे आक्काच्या मातीतही आहेत, पण त्यांच्या अंगाला गोल ठिपके चिकटलेत, कुत्र्याला गोचीड चिकटावी तसे. ते ठिपके किड्याच्या पोटात शिरून वाढतात आणि मग किडीण अंडी घालायची राहते, तिच्या पोटात यांचीच पिल्लावळ. पुस्तकात याला कुठल्या भलत्याच जातीत बसवलंय, पण तुम्हाला तो जिवाणूच वाटतो. आणि त्याला बाटलीत वाढवणं कुणालाच साधलेलं नाही, तो किड्यातच वाढतो, म्हणून ती मातीच आणून रोपाच्या आळ्यात टाकायची. मला क्षणात उमगलं. म्हणजे विरजण! वांगं, त्यावर किडा, किड्यावर रोग, आणि तो रोग आक्कानं इतकी वर्षं एकाच जागी वांगी लावून मुरवलेला.

इथवर सगळं सुरळीत. घोटाळा मी केला, तो म्हणजे आक्काला समजावताना विरजण हाच शब्द वापरला, आणि तोही दिवेलागणीला गेल्यावर. ती उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सूर्या, तिन्हीसांजेला इरजान मागतोस? मागं माझ्या घरात काय ठिवतोस मग?" मी म्हणालो, आक्का, दूध-दही नाही, माती आहे. "मंग इरजान कशाला म्हनलास? सकाळी ये." सकाळी गेलो तर तिनं स्वतः पाट्या भरून ठेवलेल्या. आमच्याकडं पाटी नव्हती असं नाही, पण विरजण देणारी आपल्याच भांड्यात देते, त्याला मी काय करणार?

माती आळ्यांत टाकली, रोपं लावली. विरजण म्हटल्यावर ऊब हवी, असं माझ्या मनानं घेतलं आणि संध्याकाळी वाफ्यांवर गोणपाट पांघरले. (तुम्ही हे लिहिलं नव्हतं, कबूल.) छगननं गावभर केलं, मामा वांग्यांना झोपवतो, आता अंगाईबी म्हननार.

पण खरा गोंधळ तुमच्या सासूबाईंनी केला, आणि तो त्यांच्या चांगुलपणानं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. माती आणली, तर माती घालूनच द्यायला नको का? त्यांनी मळ्यातली सगळ्यात काळी, मऊ, भुसभुशीत माती शोधली, म्हणजे नेमकी गाठीवाल्या वांग्यांच्या बुडाची, आणि पाट्या भरून पोचत्या केल्या. आक्कानं त्या कौतुकानं आपल्या वांग्यांना घातल्या. "मनकर्णा रीत पाळती, तुला न्हाई जमायचं," असं वर मलाच!

तिचं विरजण आणून मी तिला किडे पोचवले होते. सांगावं तर ती आपली माती परत मागणार. तेव्हापासून मी काही ना काही निमित्तानं तिच्या परसात. आक्काला वाटलं, वांग्यांना नजर लावतो. तिनं कुंपणाला लिंबू-मिरची बांधली आणि माझ्या वाटेवर फुटकी वहाण टांगली. शेवटी न राहवून मी एक झाड उपटलं, तेवढ्यात मागून आवाज, "म्हातारपनी वांगी चोरतोस व्हय रं?" मी मुळं बघत होतो. स्वच्छ! एखाददुसरी बारीक गाठ सोडली तर काही नाही. आमचे किडे तिच्याकडं पाहुणे म्हणून गेले आणि तिच्या गोचिडांनी त्यांचा यथास्थित पाहुणचार केला. जावईबापू, मी तिथंच मांडी घालून हसलो. आक्का घाबरून पाणी घेऊन आली.

आमच्या मळ्यात विरजण पुरलं तेवढ्या वाफ्यांत वांगी जांभळी, टपोरी, चमकदार, बाकीची रुसलेली. चंपाषष्ठीला मी पाटी डोक्यावर घेऊन खंडोबापुढं गेलो. छगननं एक वांगं उचललं, देठ बघितलं, वास घेतला. "मामा, बाजारातनं आनलीस का काय?" म्हणाला. यापेक्षा मोठं शिफारसपत्र त्याच्याजवळ नाही. भरीत असं झालं, की तुमच्या सासूबाईंनीही नावं ठेवली नाहीत.

तर असं. मला तुमच्याकडून काहीएक नको, तुमची खुशाली कळली की झालं.

आपला,
सूर्यभान

ता. क. पाटी गच्च भरलेली होती, पण खालचा निम्मा भाग आक्काच्या वांग्यांचा होता. देवाला ठाऊक आहे. छगनला नाही.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण आता लिहितो. भरीत खाताना सगळ्यांनी माझ्या शेतीची वाखाणणी केली आणि आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "सूर्या, तुझं ऐकायला पायजे हुतं. आता पालट देते." तिनं छगनकडून कांद्याचं रोप आणून ओलं करून ठेवलंय आणि सोमवारी सारी वांगी उपटणार आहे! वांगं गेलं की किडा गेला, किडा गेला की विरजण गेलं. जन्मभर ऐकलं नाही, आणि आता ऐकलं ते काही केल्या विसरत नाही. मी नको म्हणालो, तर म्हणते, "कांदा चांगला आला तर तुझ्या पोटात दुखंल म्हून सांगतोस."

तेव्हा तिला ताबडतोब पत्र लिहा, की आक्कासाहेब, आपल्या परसात वांगीच हवीत. तिला वाचता येत नाही, तिची पत्रं मीच वाचून दाखवतो, त्यामुळे कोऱ्या कागदावरूनही मी वाचलं असतं. पण ती शिक्का बघते. प्रयोगशाळेचा शिक्का ठळक मारा, जमल्यास दोन मारा, आणि मी सुचवलं हे कुठं येऊ देऊ नका. तोवर मी तिचं कांद्याचं रोप गायीनं खाल्लं असं काहीतरी घडवतो, पण गाय गाभण आहे, तिला फार कांदा सोसायचा नाही. म्हणून लवकर लिहा.