वेळुवनातला माझा वाटा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.४०

आज बागेत फिरताना बन्सीधररावांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठलं तरी रील. दोन्ही बाजूंनी उंच बांबू, मधून एक मुलगी उगाचच पळतेय. म्हणे पोखर्णी रोडला नवा पिकनिक स्पॉट झालाय, वेळुवन. लय गर्दी. रविवारी गाडी लावायला जागा नसते.

मी म्हणालो, ते बन आमचंच आहे.

तोंडातून गेलं. पण खोटं काय त्यात? सुगत माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं ते आमचंच.

रोज फिरायला येणारी मंडळी जवळ सरकली. मग आणखी थोडं सांगितलं. जमीन मी दिली. बुद्धांच्या वेळुवनाची गोष्ट त्याला लहानपणी मीच सांगितली होती, म्हणजे नावही माझं. कल्पनासुद्धा एका अर्थाने माझीच. रिटायर होऊन चार वर्षं झाली, एवढा मान कुणी दिला नव्हता. बन्सीधरराव म्हणाले, "रंगनाथराव, सोळा तारखेला जाऊच सगळे. आधी पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन, येताना तुमचं बन. तुमी असल्यावर आमाला तिकीट कशाला?"

तिकिटाचं नावच काढू नका, म्हणालो.

संकल्प: सोळाच्या आत सुगतला फोन करणे. चौदा वर्षं बोलणं नाही, पण भाऊ तो भाऊच.

५ नोव्हेंबर, बुधवार

फोन केला नाही. मोठ्याने आधी फोन करायचा ही कुठली पद्धत?

बायकोला, सुकेशनीला, ट्रिपचं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जमीन तुमी दिली?" मी समजावून सांगितलं. वाटणीत दिली. रोडलगतची काळी मी घेतली, कारण नोकरीमुळे मला लांबच्या शेतात जाणं जमणार नव्हतं. ओढ्याकडची मुरमाड त्याला दिली, कारण तो तरुण होता आणि कष्टाळू होता. काळी विकली आणि तिथे प्लॉट पडले, हा नंतरचा भाग. आणि मुरमाड मिळाली नसती तर बांबू लावायची बुद्धी त्याला झाली असती का?

सुकेशनी म्हणाली, "आन् अर्ज?"

मी आंघोळीला गेलो. बायकांना जमिनीतलं कळत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

त्या अर्जाबद्दल एकदाच लिहून विषय संपवतो.

चौदा वर्षांपूर्वी सुगतने ओढ्याकाठी वेळूची रोपं लावली. महिनाभरात सरकारी ऑफिसात निनावी अर्ज गेला, की या लागवडीने ओढ्याचं पाणी अडणार. साहेब आले, टेप लावला, पंचनामा केला. काठावरच्या दोन ओळी सुगतला स्वतःच्या हाताने उपटाव्या लागल्या. अर्ज कुणी दिला हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. खाली सही होती 'एक जागरूक नागरिक'. असे नागरिक आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत.

समजा, नुसतं समजा, की मीच दिला. तर त्यात ओढ्याचा विचार होता. सुगत वेळूबद्दल गावभर विचारत फिरला. कृषी सहायकाला विचारलं, शेजारच्याला विचारलं, टेम्पोवाल्याला विचारलं. मला विचारलं नाही. मोठ्या भावाला एका शब्दाने विचारायला काय झालं होतं? अर्थात याचा आणि अर्जाचा काही संबंध नाही.

पंचनाम्यानंतर तो माझ्या घरची पायरी चढला नाही. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८

बागेतल्या फळ्यावर मी लिहिलेला आजचा सुविचार: आपली माणसं जवळ ठेवा, वेळ निघून जाते. बन्सीधरराव नेहमीप्रमाणे अक्षराकडे बघत राहिले. म्हणाले, "असा ळ अख्ख्या परभणीत कुणाचा न्हाई." खरं आहे. दोन गोळे अगदी सारखे आणि शेवटी बारीक शेपूट. ते शेपूट पुस्तकात नाही, ते माझं स्वतःचं. सुगतला पाटीवर ळ मीच शिकवला. त्याला शेपूट काही केल्या जमायचं नाही, मी त्याचा हात धरून गिरवून घ्यायचो. कोवळा हात होता.

दुपारी मेसेज टाइप केला: चि. सुगत, रविवारी नऊ जण येत आहोत, व्यवस्था ठेवणे. वाचून पाहिला. ऑफिसच्या पत्रासारखा झाला. डिलीट.

अचानक जाण्यातच गंमत आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तयारी. केस काळे केले. गॉगल पुसला. दोन शब्द बोलायची वेळ आली तर मुद्दे काढून ठेवले. सुगत पाया पडायला वाकला तर अर्ध्यातच धरून उठवणे. रडला तर रडू देणे. माफी मागितली तर लगेच 'अरे सोड' म्हणणे, ताणून धरायचं नाही. बनात एखादी पाटी असणारच, मार्गदर्शक म्हणून माझं नाव असलेली. नसेल तर तिथल्या तिथे विषय काढायचा नाही, आपलेपणाने नंतर सुचवणे.

त्याचा आवाज आता कसा झाला असेल कोण जाणे. फार आठवण येते त्याची, हे इथे लिहायला हरकत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.२०, बनातल्या बाकावर

मंडळी फोटो काढायलेत, तोवर लिहून घेतो.

गेटवरच 'वेळुवन' अशी हाताने रंगवलेली मोठी पाटी. ळ ला शेपूट! मी जागेवर थांबलो. मंडळींना दाखवलं. म्हटलं बघा, म्हणत होतो ना.

तिकिटाच्या खिडकीत धम्मशीला, सुगतची पोरगी. पाच वर्षांची पाहिली होती. नाक थेट आमच्या आईचं, चांगुणाबाईचं. मला बघून म्हणाली, "या काका."

काका! गॉगल होता म्हणून बरं. बन्सीधररावांच्या कानात म्हणालो, पुतणी आहे, ओळखलं तिने, रक्त बोलतं. तेवढ्यात ती त्यांना म्हणाली, "तुमी बी या काका, लायनीत या जरा." मग आमच्यातल्या हरिओमला काका म्हणाली. मग आमच्या ड्रायव्हरला, ज्याला अजून नीट मिशी फुटलेली नाही.

सिनियर सिटिझनला सवलत होती, आधार कार्ड दाखवायचं. सगळ्यांनी दाखवलं. माझंही खिशात होतं, पण त्यावर आडनाव आहे, तिचं आणि माझं एकच. मी पूर्ण तिकीट घेतलं. मंडळींना सांगितलं, आपल्याच माणसाकडून सवलत कशी घ्यायची. त्यांची तिकिटं त्यांनीच काढली. हरिओम खोकला.

बन चांगलं आहे. आत शिरलं की ऊन संपतं. खाली वाळल्या पानांचा थर, वर वेळूला वेळू घासून करकर चाललेली. एक शाळेची सहल, चार-पाच रीलवाल्या मुली, एक लग्नाआधीचं फोटोशूट. लोकांनी चाकूने बांबूवर नावं कोरून ठेवलीत. शेकडो नावं. माझं नाव कुठेच नाही. शोधत होतो असं नाही, नजर जाते.

१६ नोव्हेंबर. संध्याकाळी ६, घरी

बाहेर पडायच्या वाटेवर एक शेड आहे, 'बनाची गोष्ट' म्हणून. फोटो लावलेत. पहिल्या फोटोत सुगत रोप धरून उभा. दुसऱ्या चौकटीत फोटो नव्हता. काचेआड एक पिवळा पडलेला कागद होता.

बन्सीधररावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ओढ्याच्या काठाजवळ वेळूची दाट लागवड केल्यामुळे पावसाळ्यात..." आणि थांबले. कागदाजवळ गेले. मग मागे वळून माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "रंगनाथराव, हा ळ..."

आठही जण माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, अशी अक्षरं सारखी असतात.

धम्मशीला मागेच उभी होती. सगळ्या ग्रुपला सांगते तसंच पाठ केलेलं सांगायला लागली. म्हणे, हा अर्ज पप्पांनी माहितीच्या अधिकारात काढला. ज्यानं लिहिला, त्यानंच पप्पांना पाटीवर अक्षर शिकवलं होतं, म्हणून बघताक्षणी कळलं. "पप्पा म्हणतेत, मी आजबी बोर्ड रंगवायला बसलो की हेच अक्षर हातातून निघतंय, काय करू." सहलीच्या पोरांसमोर हे सांगितलं की ती हसतात म्हणे. आम्ही हसलो नाही. मग तिचं लक्ष मंडळींच्या नजरांकडे गेलं आणि त्या नजरांच्या मागोमाग माझ्याकडे आलं.

सुगत चहाचा ट्रे घेऊन आला. केस पांढरे झालेत. वाकला, पण ट्रे खाली ठेवायला. सगळ्यांना कप दिले, मलाही दिला. विचारलं, "साखर चालती का तुमाला?" आवाज थेट आमच्या बापाचा झालाय. मी काढून ठेवलेले मुद्दे एकही आठवेना. 'अरे सोड' म्हणायची तयारी होती, पण तो काही मागतच नव्हता.

चहा झाल्यावर अभिप्रायाची वही त्याने माझ्यासमोर ठेवली. पेनचं टोपण काढून दिलं. रागाने नाही, अगदी साधं म्हणाला, "लिवा. ह्या बारीला नाव टाका."

त्याला तेवढंच पाहिजे होतं, हे मला आता घरी बसून कळतंय. मी लिहिलं: बन सुंदर आहे. स्वच्छतागृहात पाण्याची सोय करावी. खाली नाव लिहायला गेलो. वही धम्मशीलाकडे दिली तेव्हा खाली काय लिहून झालंय ते मला दिसलं. एक जागरूक नागरिक. हाताची सवय.

तिने वाचलं. सुगतने वाचलं आणि रिकामे कप गोळा केले.

गेटवर धम्मशीला सगळ्यांना म्हणाली, "परत या काका." बन्सीधररावांना म्हणाली, हरिओमला म्हणाली, ड्रायव्हरला म्हणाली. मला म्हणाली, "थँक्यू सर."

१७ नोव्हेंबर, सोमवार

फिरायला गेलो नाही. गुडघा दुखतोय.

सुकेशनीने विचारलं, सुगत काय म्हणाला. सांगितलं, नाव टाका म्हणाला. मग टाकलं का, म्हणाली. मी म्हटलं पुढच्या वेळी टाकतो.

या रोजनिशीच्या पहिल्या पानावर नावासाठी एक ओळ असते. आज बघितली, जानेवारीपासून कोरीच आहे. लिहायला बसलो. पेन नीट चालत नाही. उद्या नवीन आणणे.