लाल लोकरीच्या शेंगा

दि. ४ ऑक्टोबर

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

मुलं सुखरूप पोचली. आल्यापासून तुझ्या बागेशिवाय दुसरा विषय नाही. तू नोकरी करतोस त्या जुन्या बंगल्यातल्या लोकांच्या ताटात पूर्वी जाणारी भाजी जिथे पिकायची ती परसबाग अजून तशीच राखली आहे, याचं थोरलीला फार नवल. धाकट्याला फक्त बेडूक आठवतो. बूट मात्र दोघांनी असे आणलेत की अर्धी बाग आमच्या मोरीत आली.

आणि शेंगा काय गोड रे, त्या जांभळ्या रेघांच्या. मुलं म्हणाली, मामाने आमच्यासाठीच राखून ठेवल्या होत्या. नुसत्या मिठावर परतल्या, तर यांनी दुसऱ्यांदा मागून घेतल्या. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडतंय. नोकरी कायम झाली की लगेच कळव, आणि जेवणाची आबाळ करू नकोस.

आहे ती माया वाढती ठेव.
तुझी ताई

दि. ५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून नाही, पण मुलं पोचली असं धरून चालतो. माझं डोकं ठिकाणावर नाही. इथल्या जुन्या घेवड्याचा या वर्षी एकच वेल तगला. त्याच्या कोवळ्या शेंगांतल्या चांगल्या निवडून त्यांना मी लाल लोकर बांधली होती. लोकर दिसली की ती शेंग बियाण्याची, तिला कोणी हात लावायचा नाही, अशी इथली पूर्वापार खूण आहे. मुलं गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी पाहतो, तर खालच्या सगळ्या लोकरीच्या शेंगा गायब. बिनलोकरीच्या जागच्या जागी. आणि लोकरीचे तुकडे नीट वेलाला अडकवलेले. ही कसली चोरी?

मुलांवर शंका घेऊ नकोस. कच्चं काही तोडू नका, असं मी त्यांना बजावलं होतं, आणि ती गुणी आहेत. त्या दिवशी मी पाहुण्यांना बाग दाखवत फिरत होतो. आमच्या व्यवस्थापक बाईंनी विचारलं तेव्हा म्हणालो, वेलापाशी दिवसभर आमचे रखवालदार राखणकाकाच होते. बाईंनी त्यांना निकाल लागेपर्यंत घरी बसवलंय. मी विचारायला गेलो तर म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. याचा अर्थ काय लावू? बियाणं गेलं तर माझी नोकरीही कायम होत नाही.

मुलांना गोड पापा. तुझी आठवण काढणारा,
भाऊ

दि. ८ ऑक्टोबर

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी मुलांना समोर बसवून विचारलं. माझं आधीचं पत्र मिळालं असेल, म्हणजे तुलाही उमगलं असेल. तुझं बियाणं आम्ही खाल्लं रे. मुलांचा दोष नाही. इथे घरी गॅलरीतल्या कुंड्यांतलं कच्चंच तोडायची, म्हणून मीच नियम घातला होता की लोकर बांधलेलं असेल तेवढंच तोडायचं आणि लोकर परत वेलाला अडकवायची. तू त्यांना कच्चं तोडू नका म्हणालास, वर लोकर बांधलेली. त्यांनी अगदी शहाण्यासारखं केलं. दोघंही रडून रडून झोपली.

पण थोरली म्हणते, शेंगा दप्तरात चुरगळतील म्हणून राखणकाकांनीच कागदी पिशवी दिली. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं. मग गप्प का बसले? मला काही उलगडत नाही. तू आधी त्यांच्याकडे जा. बाईंना खुशाल माझं नाव सांग.

रागावलास तरी पत्र लिहीत राहा.
तुझी ताई

दि. १२ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी राखणकाकांना परत बोलावलं. वेलाच्या मंडपावर, मुलांचा हात पोचला नाही तिथे, थोड्या शेंगा उरल्यात, त्यामुळे बी अगदीच बुडालं नाही. माझं कायम होणं मात्र वर्षभर लांबलं. ते असो.

मी काकांच्या घरी गेलो. ते खुर्चीचा पाय बसवत होते. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, मुलं तोडत होती तेव्हा वाटलं, मामानेच सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी मी बाईंसमोर त्यांचं नाव घेतलं, तेव्हा त्यांना वाटलं की मुलांना आणि नोकरीला वाचवायला मी मुद्दाम त्यांच्यावर ढकलतोय. म्हणाले, तुमची नोकरी नवी, पोरं लहान, माझं काय, दोन वर्षांनी घरीच बसायचंय. म्हणून गप्प राहिलो.

ताई, मी असा माणूस आहे असं त्यांना वाटलं, आणि तरी त्यांनी माझ्यासाठी ते अंगावर घेतलं. मी हात जोडून म्हणालो, मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पाय ठोकायला घेतला. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. आता फाटकाशी पूर्वीसारखेच हसतात, आणि मला त्यांच्याकडे वर बघवत नाही. तू मला लहानपणापासून ओळखतेस. खरं सांग, तुलाही क्षणभर तसंच वाटलं होतं का?

उत्तराची वाट पाहतो.
तुझा भाऊ