काकू नव्हत्या ते दिवस

३ नोव्हें., सोम.
बेड ११, सावंतकाका. अर्धांगवायू, स्वतः कूस बदलता येत नाही. सकाळी चादर बदलताना कमरेखाली बेडसोअर दिसला. सुपारीएवढा, कातडी गेलेली. माझ्या वॉर्डात! वर्षभर एकालाही होऊ दिला नाही, हे प्रत्येक मीटिंगमध्ये मीच ऐटीत सांगते.
चार्ट काढला. दर दोन तासांनी कूस बदलली, टिकमार्क, सही. शनि-रवि एकही चौकोन रिकामा नाही. वरच्या सह्या प्रणालीच्या, तिला बोलावून चांगलंच झापलं. सर्वांत नवीन स्टाफ नर्स, पण रडली नाही. म्हणाली, "सिस्टर, कूस तर काकूच बदलतात ना. आपण नुसती टिक करतो. त्यांना ताप भरला, शुक्रवारी रात्री चिंचपोकळीला घरी गेल्या."
खरंय. महिनाभर सावंतकाकू नवऱ्याच्या उशाशी. आम्ही सगळ्या निर्धास्त.

४ नोव्हें.
चार्ट पुन्हा पाहिला. रविवार दुपारी २, ४, ६. सही माझी.
त्या दुपारी दोन नवे पेशंट, एकाला ऑक्सिजन लावायचा. जाता जाता काकांकडे पाहिलं, शांत झोपलेत, टिक केली. सव्वीस वर्षांची सही, हात आपोआप करतो. स्वतःचाच असा राग आला की डबा उघडला नाही. सगळ्यांसमोर प्रणालीची माफी मागितली. थोड्या वेळाने तिने चहा आणून ठेवला, आलं भरपूर.

६ नोव्हें.
नवा नियम, कालपासून. झालं नाही तर चौकोन रिकामा. झालं तर करणाऱ्याचं नाव, मग ते घरचे का असेनात. चार्ट आता बोळक्या तोंडासारखा दिसतो. पण कळलं तरी! निम्मी सेवा घरचेच करतात. बेड ४ आणि १९ ला घरचं कोणीच नाही, तिथे सगळं रिकामं. आजपासून राउंड त्यांच्यापासून सुरू. आयामावशी कुरकुरतात. कुरकुरू देत, हात चालतोय.

७ नोव्हें.
मेट्रनने बोलावलं. आम्ही एका बॅचच्या.
"अगं, सोमवारी तपासणीला कमिटी येतेय. एवढे रिकामे चौकोन? नव्या कागदावर उतरवून काढ."
"आणि शनिवार-रविवारचा चार्ट?"
"तो कशाला? त्यात सगळं भरलेलं आहे, तो तसाच राहू दे."
म्हटलं, नाही. त्याच्याखाली मी लिहिणार, हे झालेलं नाही.
"इन्चार्जपद जाईल तुझं."
जाईल तर जाईल. पेशंट उचलायला पद लागत नाही, आणि माझी पाठ अजून ठणठणीत आहे. हे तिला बोलूनही दाखवलं.

८ नोव्हें., शनि.
ताप उतरला, काकू आठवड्याने आल्या. जखम पाहिली आणि मटकन बसल्या.
"माझीच चूक गो बाय. आठ दिस येवक गावला नाय."
हे ऐकवेना. म्हटलं, "काकू, ते काम आमचं होतं. महिनाभर तुम्ही केलंत आणि सही आम्ही ठोकली. रविवारी तर कोणीच केलं नाही, तरी माझी सही आहे."
त्या शिव्या देतील असं वाटलं. द्यायलाच हव्या होत्या.
"तो कागद माका दाखव."
महिन्याचे सगळे कागद दिले. एकेका खुणेवर बोट ठेवत गेल्या. "एवढे येळा मियां ह्यांका फिरवलंय?"
भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले तशा उठल्या. "चल, थयसून धर."
त्या बाजूने काकांना धरलं.

९ नोव्हें., रवि.
रजा होती, तरी गेले. जखमेच्या कडा किंचित गुलाबी, की मलाच तसं दिसतंय? काकू कामापुरतंच बोलतात. माफ केलं का, विचारलं नाही.
शनि-रविच्या चार्टखाली लाल पेनाने लिहिलं, सही केली. या वेळी सावकाश, पूर्ण नाव. फाइल मेट्रनच्या टेबलावर ठेवून आले.
उद्या दहाला कमिटी. दहालाच काकांची कूस बदलायची असते. कमिटीला पाच मिनिटं थांबावं लागेल.